ज्याची वही त्याच्याच हाती : दृष्टिहीनांसाठी बोलणारा मोबाईल

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीची दृष्टी मंदावू लागली, की आपल्या व्यापारी कुटुंबांत काही गोष्टी कोणी न ठरवताच घडत जातात. प्रथम दुकानाची किल्ली मुलाकडे येते, मागाहून बँकेचे पासबुक येते आणि शेवटी मोबाईलही त्यांच्या हातातून सुटतो. हे सारे प्रेमापोटी आणि काळजीपोटीच होते. तथापि, ज्यांनी चाळीस वर्षे रोजमेळ स्वतःच्या हाताने लिहिला, त्यांना आज गल्ल्यात किती जमा झाले हे दुसऱ्याला विचारावे लागते. बँकेचा संदेश नातू मोठ्याने वाचतो, पैसे देण्याचा गुप्त आकडा सुनेला पाठ असतो आणि दूरच्या बहिणीने पाठवलेले खाजगी चार शब्दही तिसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागतात. दृष्टीबरोबर व्यवहार जातो आणि व्यवहाराबरोबर घरातील शब्दाचे वजनही हळूहळू उतरते.

याला पुष्कळ आवर घालू शकेल असे साधन बहुतेक घरांत आधीच येऊन पडले आहे. ते खिशातील मोबाईलमध्येच असते, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

संगमेश्वरसारख्या बाजारगावी तर या साधनाचे मोल अधिकच आहे. शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावरील या गावातून तालुक्याच्या कामासाठी देवरुखला आणि जिल्ह्याच्या कामासाठी रत्नागिरीला जावे लागते. दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या जुन्या व नामवंत संस्था तर मुंबईत, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटरवर. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ सालची, नॅब या नावाने परिचित असलेला राष्ट्रीय अंधजन संघ १९५२ सालचा आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांचे साहाय्य केंद्र २००३ सालचे. या संस्थांचे कार्य मोठे आहे. परंतु साठी उलटल्यावर काचबिंदूने किंवा मधुमेहाने दृष्टी गमावलेला संगमेश्वरचा दुकानदार प्रशिक्षणासाठी महिनाभर मुंबईत जाऊन राहील, हे क्वचितच घडते. या वयात ब्रेल शिकणेही सोपे नसते. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर ते अधिकच अवघड. अशा वेळी शाळा घरातच भरवावी लागते आणि गुरूची जागा बहुधा नातवाकडे किंवा नातीकडे येते.

कानाने वाचणाऱ्यांची परंपरा

डोळ्यांऐवजी कानांनी वाचणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. प्रज्ञाचक्षू पंडित सुखलालजी संघवी यांचे नाव आपल्या घरांत आदराने घेतले जाते. १८८० साली सौराष्ट्रातील एका व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या सुखलालजींची दृष्टी सोळाव्या वर्षी देवीच्या रोगात गेली. पुढे काशीला जाऊन त्यांनी संस्कृत, न्याय आणि दर्शनशास्त्रांचे अध्ययन केले, ते दुसऱ्यांकडून ऐकून आणि स्मरणात साठवून. पंडित बेचरदास दोशी यांच्या समवेत त्यांनी ‘सन्मतितर्क’ या ग्रंथाचे संपादन केले, बनारस हिंदू विद्यापीठात अध्यापन केले, १९५८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि १९७४ मध्ये पद्मभूषण त्यांना लाभले. या थोर कार्याला एक गोष्ट मात्र सतत लागे : शेजारी बसून वाचून दाखवणारा आणि सांगितलेले लिहून घेणारा कोणीतरी. तो मिळेल तेव्हाच ग्रंथ उघडे.

वाचणारा शेजारी असलाच पाहिजे, ही अट दूर करण्याच्या कामात महाराष्ट्राच्या मातीतील एका माणसाचा मोठा वाटा आहे, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. टी. व्ही. रमण यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. भाऊ आणि शिक्षक पुस्तके वाचून दाखवीत, त्यावर त्यांनी पुण्यात गणिताची पदवी घेतली, मुंबईच्या आयआयटीत पुढील शिक्षण केले आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली डॉक्टरेट मिळवली. गणिताची सूत्रे आवाजातून समजतील अशी संगणकीय रचना, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

२००५ मध्ये रमण गूगलमध्ये रुजू झाले. त्या सुमारास बटणांचे फोन मागे पडून गुळगुळीत काचेचे फोन येऊ लागले होते आणि जगभरच्या दृष्टिहीनांना धास्ती वाटत होती, की चाचपायला बटणच नसेल तर फोन लावायचा कसा? जुन्या फोनवर पाचाच्या आकड्यावर एक उंचवटा असे. त्याच्या आधाराने बाकीचे आकडे सापडत. काचेवर तो उंचवटा आणायचा कोठून? रमण व त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी प्रश्न उलटा करून सोडवला. काचेवर बोट जेथे प्रथम टेकेल, तोच पाच. त्याच्या वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. माणसाने आकडा शोधण्याऐवजी आकड्यांनीच माणसाच्या बोटाभोवती जमावे, असा हा विचार होता. २००९ साली अँड्रॉइड फोनवर ‘टॉकबॅक’ हा पडदा वाचणारा कार्यक्रम आला आणि त्याच वर्षी आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ आला. काच बोलू लागली ती तेव्हापासून.

पडदा बोलतो कसा?

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’, म्हणजे सुलभता, हा विभाग असतो. त्यात टॉकबॅक सापडते. ते चालू केले, की फोन वागण्याची रीत बदलतो. पडद्यावर बोट ठेवले तर बोटाखाली काय आहे ते फोन उच्चारतो. उघडत मात्र नाही. उघडायचे असेल तर पडद्यावर कोठेही दोनदा भरभर टिचकी मारायची. बोट उजवीकडे झटकले तर पुढची गोष्ट, डावीकडे झटकले तर मागची. यादी वर-खाली सरकवायची असेल तर एकाऐवजी दोन बोटे वापरायची. लिहिताना बोट अक्षरांवरून फिरवायचे आणि हवे ते अक्षर ऐकू आले की बोट उचलायचे. तेच अक्षर उमटते. ब्रेल जाणणाऱ्यांसाठी २०२० पासून टॉकबॅकमध्येच सहा टिंबांचा ब्रेल कळफलकही आहे.

येथे एक सूचना अवश्य ध्यानात ठेवावी. घरातील डोळस माणूस उत्साहाने टॉकबॅक चालू करतो, एका टिचकीने काहीच उघडत नाही म्हणून गोंधळतो, आणि ‘फोन बिघडला’ असे ठरवून पुन्हा कधी त्या वाटेला जात नाही. यासाठी आधी आवाज वाढवण्याचे व कमी करण्याचे बटण एकत्र तीन सेकंद दाबून ते चालू-बंद करण्याची सोय सेटिंग्जमधून करून घ्यावी. आयफोनवर बाजूचे बटण तीनदा दाबण्याची सोय करता येते.

ज्यांची दृष्टी पूर्ण गेलेली नाही, त्यांनी लगेच टॉकबॅककडे वळण्याचे कारण नाही. अक्षर मोठे करणे, पडद्याचा भाग भिंगासारखा वाढवून पाहणे, काळ्यावर पांढरी अक्षरे घेणे या सोयी त्याच विभागात असतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्यांना एवढ्यानेही पुष्कळ काम साधते. दृष्टी उतरत जाणार असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर थोडे दिसत असतानाच टॉकबॅकचा सराव सुरू करणे शहाणपणाचे.

मराठी आवाज आणि मराठीच्या अडचणी

फोन मराठीत बोलतो का, हा साहजिक प्रश्न. होय, बोलतो. आता मराठी आवाज उपलब्ध असून तो एकदा उतरवून घेतला, की इंटरनेट नसतानाही वाचन चालू राहते. कोकणातील दऱ्याखोऱ्यांत, जेथे एका वळणावर नेटवर्क असते आणि पुढच्या वळणावर नसते, तेथे ही सोय महत्त्वाची आहे. बोललेले शब्द लिहून घेण्याची गूगलची सोय २०१७ पासून मराठीत आहे. प्रमाण मराठी ती बऱ्यापैकी उतरवते. संगमेश्वरी बोलीचा हेल आणि तिचे खास शब्द मात्र तिच्या आवाक्याबाहेर जातात व भलतेच काही उमटते. म्हणून लिहून झाल्यावर संदेश एकदा ऐकून मगच पाठवावा.

मोठी अडचण वेगळीच आहे आणि तिचे मूळ आपल्याच सवयींत आहे. टॉकबॅक अक्षरे वाचते. अक्षरांचे चित्र त्याच्यासाठी केवळ चित्र असते. लग्नपत्रिका, दुकानाच्या मालाचे भाव, पर्युषणातील कार्यक्रमांचे वेळापत्रक, साधु-साध्वींच्या विहाराची माहिती, निधनवार्ता, हे सारे आपण सुंदर रंगीत चित्र करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो. दृष्टिहीन वाचकाला तेथे बहुधा ‘फोटो’ एवढेच ऐकू येते. पावसाळ्यात शास्त्रीचे पाणी चढू लागते, बाजारपेठेत माल वर उचलण्याची धावपळ होते, आणि त्याच वेळी पुराच्या इशाऱ्याचे पत्रकही फोटो होऊन येते. ज्याला ते सर्वांत आधी कळायला हवे, त्यालाच ते कळत नाही.

चित्रातील अक्षरे ओळखून वाचणारे कार्यक्रम आता आहेत आणि छापील मराठी ते पुष्कळसे वाचतात. परंतु नक्षीदार अक्षरांपुढे आणि हस्ताक्षरापुढे ते अडखळतात. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवलेल्या पीडीएफचीही तीच गत. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, पण आत निराळीच चिन्हे साठवलेली असल्यामुळे फोन अर्थहीन ध्वनी उच्चारत सुटतो. मजकूर युनिकोडमध्ये असला तरच तो वाचला जातो. समाजाच्या पत्रिका, मंडळे आणि संघ यांनी हे पथ्य पाळले, तर कितीतरी जुने वाचक पुन्हा वाचू लागतील. चित्र अवश्य पाठवावे. त्याखाली तोच मजकूर चार ओळींत टंकून द्यावा, एवढीच अपेक्षा आहे.

नोट, क्यूआर आणि गल्ला

व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरी कसोटी पैशाची. नव्या नोटांत १०० रुपयांची नोट १४२ मिलिमीटर लांब, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. रुंदी तिन्हींची ६६ मिलिमीटर. म्हणजे दोनशे आणि पाचशे यांत फरक अवघा चार मिलिमीटरचा. स्पर्शासाठी १०० च्या नोटेवर त्रिकोण, २०० वर इंग्रजी एच अक्षर आणि ५०० वर वर्तुळ उठावदार छापलेले असते, कडांना उंच रेषाही असतात. परंतु मासळीबाजारातून आणि पावसातून फिरून आलेल्या मळक्या नोटेवर तो उठाव कितीसा उरतो? नव्या नोटा व नाणी ओळखता येत नाहीत, ही तक्रार घेऊन नॅबने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती.

१ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने ‘मणी’ हे मोबाईल अ‍ॅप आणले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली, की ते तिचे मूल्य बोलून सांगते. नोट उलटी असो वा घडी घातलेली, बहुधा ओळखते. एकदा उतरवल्यावर इंटरनेट लागत नाही. प्रारंभी ते हिंदी व इंग्रजीत होते. पुढे मराठीसह अन्य भारतीय भाषांची भर पडली. मात्र नोट खरी की खोटी हे ‘मणी’ सांगत नाही. ती पारख अनुभवी बोटांनाच करावी लागते.

दुकानात पैसे आल्याचे बोलून सांगणारी पेटी ही तर सर्वांच्या परिचयाची. गर्दीत फोन पाहायला सवड नसलेल्या दुकानदारासाठी ती निघाली. पण तिचा सर्वांत मोठा लाभ न दिसणाऱ्या दुकानदाराला झाला. ग्राहकाने फोन दाखवून ‘दिले’ म्हटले, तर त्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज राहिली नाही. रक्कम मराठीतून कानावर पडते. सर्वांच्या सोयीसाठी नीट विचार करून केलेली वस्तू दिव्यांगांना वेगळे न पाडता कशी उपयोगी पडते, याचे याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

पैसे देण्याची बाजू थोडी कठीण आहे. समोरच्या दुकानातील क्यूआर कोड नेमका कोठे चिकटवला आहे, हे न दिसणाऱ्याला कळत नाही. त्यापेक्षा दुकानदाराचा मोबाईल क्रमांक विचारून त्यावर पैसे पाठवणे सोपे. नाव ऐकून खात्री करता येते. ज्यांना काचेचा फोन नकोच वाटतो, त्यांच्यासाठी मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली ‘यूपीआय १२३ पे’ ही सोय आहे. साध्या बटणांच्या फोनवरून कॉल करून, सूचना ऐकत, आकडे दाबून पैसे देता येतात.

गुप्त आकडा टाकताना कानात इयरफोन असावा. टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर या दोन्हींत पडदा पूर्ण काळा ठेवण्याची सोय आहे. आवाज चालू राहतो, शेजाऱ्याला मात्र काही दिसत नाही. आणखी एक सावधगिरी : ‘बँकेतून बोलतो’ असे सांगून कोणी अनोळखी अ‍ॅप उतरवायला लावील आणि त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायला सांगेल, तर फोन तत्काळ ठेवून द्यावा. पडदा वाचण्याची ही परवानगी ज्याला मिळते, त्याला आपले सारे व्यवहार दिसतात. तसेच, अनोळखी स्वयंसेवकांकडून व्हिडिओवर मदत मिळवून देणारे ‘बी माय आइज’ हे २०१५ पासूनचे विनामूल्य अ‍ॅप औषधाचे नाव किंवा कापडाचा रंग विचारण्यासाठी उत्तम. धनादेश किंवा बँकेचे कार्ड मात्र त्यावर दाखवू नये.

हा हक्क आहे, उपकार नव्हे

इतके असूनही कित्येक अ‍ॅपमध्ये न दिसणारा माणूस अडकतो. बटणाला नाव दिलेले नसते, म्हणून टॉकबॅक नुसते ‘बटण’ म्हणते. वेड्यावाकड्या अक्षरांचे चित्र ओळखा, अशी अट येते. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्याकडे पाहून पापण्या मिटा, चेहरा चौकटीत धरा, असे सांगितले जाते. चौकट दिसतच नसेल, तर चेहरा तिच्यात धरणार कसा?

हाच प्रश्न घेऊन अमर जैन हे दृष्टिहीन वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून व इतरांची याचिकाही त्याच विषयावर होती. इजेमुळे पापण्या मिटता येत नसल्याने त्यांची अडवणूक होत होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने दोन्ही याचिकांवर निर्णय दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. जिवंत व्यक्ती समोर आहे याची खात्री करण्यासाठी पापण्या मिटण्याव्यतिरिक्त अन्य मार्ग ठेवावेत, हा त्यांतील एक. त्याआधी २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानेही सेवा सुलभ करण्याची जबाबदारी सरकारी व खाजगी अशा दोन्ही सेवा देणाऱ्यांवर टाकली आहेच.

याचा अर्थ आपल्यालाही लागू होतो. आपल्यातील अनेकजण आता दुकानाचे अ‍ॅप किंवा संकेतस्थळ तयार करून घेतात. ते करणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी एकच परीक्षा घ्यावी : टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून, त्यावरून एक किलो साखर मागवता येते का? येत नसेल, तर काम अपुरे आहे. परीक्षा एखाद्या दृष्टिहीन ग्राहकाकडून करून घेतली, तर उत्तमच.

घराने काय करावे?

शिकवताना काही पथ्ये उपयोगी पडतात. फोन त्यांच्या हातातून ओढून घेऊ नये आणि त्यांचे बोट धरून काचेवर फिरवू नये; तोंडाने सांगावे व त्यांना चुकू द्यावे. पहिला आठवडा केवळ फोन घेणे व लावणे, दुसरा आठवडा संदेश ऐकणे, आणि हात बसल्यावर बँक. संपर्कातील नावे देवनागरीत लिहून ठेवावीत, म्हणजे मराठी आवाज ती नीट उच्चारतो. बोलण्याचा वेग प्रारंभी मंद ठेवावा. सराव झाला की तेच तो वाढवून मागतील.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य कोणत्याही दुकानदाराला सहज पटेल. हळदीचा डबा कोठे, धन्याचा कोठे, हे त्याला दिवे गेल्यावरही ठाऊक असते. कारण डब्यांच्या जागा वर्षानुवर्षे ठरलेल्या असतात. फोनच्या पडद्यावरही तसेच असावे. चार-पाच नेहमीची अ‍ॅप ठरलेल्या जागी ठेवावीत आणि त्यांना विचारल्याशिवाय हलवू नयेत. महामार्गाच्या रुंदीकरणात पायाखालचा ओळखीचा रस्ता बदलत राहिला, तर डोळस माणूसही चाचरतो. ज्याला दिसत नाही त्याच्या हातातील फोन तरी जागच्या जागी असू द्यावा.

पहिले पंधरा दिवस कष्टाचे जातात. भलताच फोन लागतो, आवाज मध्येच बंद पडतो, ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ असे ऐकावे लागते. सुखलालजींना वाचून दाखवायला माणूस लागत असे. आज वाचून दाखवण्याचे काम फोन करील, माणूस लागतो तो शिकवण्यापुरता. कोकणातील बाजारपेठा दुपारी काही तास विसावतात. जेवण आटोपल्यावरचा तो अर्धा तास, वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसलेला नातू आणि टॉकबॅक चालू केलेला फोन, एवढ्यावर आरंभ होतो. महिन्याभराने त्या दिवसाची जमा किती, हे त्यांनी कोणाला न विचारता सांगितले, की शिकवणी सार्थकी लागली असे समजावे.